बाकाबाई जळते, बडा बनिया सुटतो

नागपुरात एका राणीला दर वर्षी जाळतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, इतवारीतल्या नेहरू पुतळ्याजवळून काळी मारबत निघते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर कागद आणि कापड, काजळासारखा चेहरा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. जागनाथ बुधवारीतून तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत निघते. दोघींची गाठ शहीद चौकात पडते. मागेपुढे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, असतात. रस्ता दिसेनासा होईल इतकी माणसं, ढोल-ताशे, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच आरोळी, ‘घेऊन जा गे मारबत!’ काय घेऊन जा, ते ज्याचं त्यानं म्हणायचं. इडा-पिडा, रोगराई, खोकला, महागाई, काहीही. मिरवणूक संपली की गावाबाहेर नेऊन दहन.

काळी म्हणजे कोण, असं गर्दीत कुणालाही विचारा. उत्तर तयार असतं. बाकाबाई. दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. इंग्रजांना फितूर झाली, राज्य घालवलं, म्हणून जाळायची. दर वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात वर्तमानपत्रांतही हेच छापून येतं.

आता तारखा पाहू. बाकाबाई वारल्या 1858 साली. काळी मारबत सुरू झाली 1881 साली आणि पिवळी 1885 साली, असं परंपरा सांगते. म्हणजे राणीला जाऊन वीस वर्षं उलटून गेल्यावर गावाला तिचा राग आला. इतका शिळा राग एकाएकी पेटत नाही. काहीतरी आधीपासून जळत होतं, त्यावर हे नाव नंतर टाकलं गेलं.

ते आधीचं काय, हे पाहायला शहराबाहेर पडावं लागतं. विदर्भातल्या खेड्यांत पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं त्या उचलतात आणि तीच आरोळी ठोकत शिवेपार नेऊन टाकतात. गोंदिया-बालाघाटकडे त्या पिडेला नारबोद म्हणतात. तिथे ना राणी, ना फितुरी. पावसाळ्यातले ताप, खोकला, ढोरांचे रोग, घरातले ढेकूण, हे सगळं एकीच्या डोक्यावर लादून तिला गावाबाहेर घालवायचं. कुणी तिला कृष्णाला विष पाजायला आलेली पूतना म्हणतं. पूतना असो की नारबोद, ती बाईच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता बाकाबाईंच्या यजमानांकडे वळू. ज्या पेठांतून मारबत फिरते त्या पेठांचे ते मालक होते.

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, 1702च्या सुमारास. बारा वाड्या जोडून. भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला इथे राजधानी आणली आणि गाव बाजारपेठ झालं. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी, शनिवारी. बहुतेक वारांच्या नावानं एकेक पेठ. कोष्ट्यांचं झिरझिरीत रेशीमकाठी लुगडं आणि धोतर इथून पुण्यापर्यंत जाई. ओडिशापासून वऱ्हाडापर्यंतचा वसूल महालात येई आणि त्यातला बराचसा सरदार-शिपायांच्या हातून याच दुकानांत उतरे. दरबार उधळ्या असला की बाजाराची चंगळ असते, आणि अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत तशी ती होती.

1803 साली हे बिघडलं. अडगावला इंग्रजांकडून पराभव, गाविलगड गेला, आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह. कटकचा प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड रघुजींच्या हातून गेला. राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. खर्च मात्र होता तेवढाच राहिला. मग गेलेल्या मुलखाचा वसूल उरलेल्या मुलखातून काढायचं ठरलं. गावांवर मक्ता चढवत नेला, जुन्या पट्ट्यांवर नव्या पट्ट्या बसल्या. फौजेचा पगार थकला, आणि पगार न मिळालेला शिपाई काय करतो हे सांगायला नको. तो आपल्याच राजाच्या रयतेला लुटू लागला. वरून राजा स्वतः दुकानदारीत आणि सावकारीत उतरला. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘बडा बनिया’. गादीवर बसलेल्या माणसाला त्याच्याच राजधानीनं दिलेलं हे नाव इंग्रजांच्या गॅझेटियरांतही जाऊन बसलं.

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे टेबलाखालून सरकणारं पाकीट येतं. इथे टेबलच नव्हतं. जो कर बसवतो, जो वसूल करतो आणि ज्याच्या दुकानातून माल घ्यायचा, ते तिघे एकच असले तर लाच द्यायची कुणाला? म्हणून मला हा काळ नुसत्या जुलमाचा वाटत नाही. बाजारावर नजर ठेवणाऱ्यानंच बाजारात गाळा घेतल्याचा हा काळ आहे. त्यातून पेठेची जी अवस्था होते ती कुठल्याही परचक्रापेक्षा वाईट असते, कारण परचक्र निघून तरी जातं.

परचक्रही आलंच. 1811 साली पेंढारी थेट नागपुरावर येऊन धडकले आणि शहराच्या कडेच्या वस्त्या जाळून गेले. राजधानीची ही गत, मग खेड्यांनी कुणाच्या भरवशावर राहावं? नागपूरच्या आसपास गावोगावी ज्या मातीच्या पडक्या गढ्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच या वर्षांत उभ्या राहिल्या. पोरं त्यावर पतंग उडवायला चढतात. आजोबा सांगतात, राजाची गढी. राजा वाचवत नव्हता म्हणून ती बांधावी लागली.

पुन्हा पेठेत येऊ. जमीन न कसणाऱ्यांवर, म्हणजे दुकानदार, कारागीर, सावकार यांच्यावर, मराठी अमलात ‘पांढरी’ नावाची पट्टी होती. काळी जमीन शेतकऱ्याची, पांढरी गावठाणाची, त्यावरून हे नाव. राजे गेले, राज्य गेलं, पण पांढरी राहिली. इंग्रजांनी ती मध्य प्रांतात बिनतक्रार उचलली आणि ठरावीक कमाईच्या वरच्या लोकांकडून घेत राहिले. ती रद्द झाली 1902 साली. म्हणजे पहिल्या एकवीस काळ्या मारबती इतवारीतून गेल्या तेव्हा दोन्ही बाजूंचे दुकानदार भोसल्यांच्या वेळची पट्टी इंग्रज सरकारात भरतच होते.

या रघुजींची नागपूरला आठवण आहे की नाही? आहे, आणि मोठी गोड आहे. बैलांचा पोळा मोठ्यांचा, मग लेकरांनी काय करावं, म्हणून त्यांनी लाकडी बैलांचा तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात, आणि साल देतात 1806. तह होऊन तीन वर्षं झालेली, वसुलीचा वरवंटा फिरत असलेला, आणि राजा मुलांसाठी लाकडी नंदी घडवून घेतोय. खोटं असेलच असं नाही. माणसं अशी असतात. तान्हा पोळा भरतो मारबतीच्याच दिवशी. पोरं नंदी सजवून दारोदार जातात, बोजारा मागतात, खिसे भरून घरी येतात. सकाळी बायको जळते, संध्याकाळी नवऱ्याचा पोळा भरतो.

आता फितुरीचा आरोप. रघुजी 22 मार्च 1816 रोजी वारले. बाकी काहीही म्हणा, तैनाती फौज त्यांनी शेवटपर्यंत घेतली नव्हती. गादीवर आला त्यांचा मुलगा परसोजी, प्रकृतीनं अधू. कारभार बाकाबाईंच्या हाती जाऊ पाहत होता. रघुजींचे पुतणे अप्पासाहेब यांनी बाकाबाईंना बाजूला सारलं, आणि आपलं आसन पक्कं करण्यासाठी मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती तह केला. इंग्रजी फौज नागपुरात आली ती या सहीनं. पुढच्या फेब्रुवारीत परसोजींचा खून झाला. नोव्हेंबर 1817 मध्ये हेच अप्पासाहेब सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढले आणि हरले. लोकांनी लढाई लक्षात ठेवली, सही विसरली. अप्पासाहेब आज स्वातंत्र्यवीर आहेत. ज्यांना हटवून ती सही झाली, त्या बाकाबाई फितूर.

त्यांनी इंग्रजांशी जुळवून घेतलं नाही असं मात्र नाही. 1818 साली रघुजींच्या मुलीचा मुलगा तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवला गेला. पोर आणि राजवाडा बाकाबाईंकडे, राज्य रेसिडेंट जेंकिन्सकडे. ही वाटणी त्यांनी मान्य केली. 1857च्या जूनमध्ये नागपुरात उठावाचा बेत शिजला तेव्हा त्यांनी आपल्या नातलगांना, आश्रितांना बोलावून त्यात न पडण्याची तंबी दिली. काळ्या मारबतीला जे मोठं जळण मिळालं ते इथलं असावं.

पण या दोन्हींच्या मधलं 1854 साल कुणी सांगत नाही. तिसरे रघुजी आदल्या डिसेंबरात निपुत्रिक वारले होते, आणि डलहौसीनं राज्य खालसा केलं. सीताबर्डीला राजाचे हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल गेले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विकायला गेलं. राजवाड्यातलं सामान काढायला माणसं आली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाकाबाई कडाडल्या, सामानाला हात लावाल तर वाडा पेटवून देईन. ही हकिकत इंग्रज इतिहासकार के यानंच नोंदवली आहे. फितुराला मोबदला मिळतो अशी आपली समजूत. हा मोबदला.

मग बाकाबाईच का? माझं मत असं की मारबतीचा साचा आधी होता आणि तो बाईचा होता. रोग घेऊन जाणारी ती ‘गे’, तिला हाक मारायची ती बाईला मारतात तशी. रेल्वे आली, एम्प्रेस मिलचा भोंगा वाजू लागला, हातमागावरचा कोष्टी गिरणीच्या दारात उभा राहिला. शहराला आपल्या पडझडीचा जाब कुणाला तरी विचारायचा होता. जिवंत इंग्रज साहेबाचा पुतळा करणं जिवावरचं काम. रघुजी साच्यात बसत नव्हते, अप्पासाहेब तर नायकच. बाई हवी होती, राजघराण्यातली हवी होती आणि तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नसावं हेही हवं होतं. विधवा राणी या तिन्ही मापांत बसली.

पुरुषांची सोय बडग्यांत झाली. बडगा म्हणजे मारबतीचा पुरुषजोडीदार, जुने कपडे, कागद आणि बांबू यांचा, गळ्यात पाटी. दर वर्षी नवा. कधी महागाई, कधी भ्रष्टाचार, कधी पाकिस्तान, कधी साथीचा रोग. पाट्यांवरच्या कोट्या नागपुरी माणसालाच सुचाव्यात अशा असतात, आणि वर्षभर गप्प बसलेला माणूस त्या दिवशी मोकळेपणानं शिव्या देऊन घेतो. पण फरक बघा. बडग्याचा गुन्हा ठळक असतो, नाव बहुतेकदा नसतं, आणि पुढच्या वर्षी तो बदलतो. काळीचा चेहरा, नाव आणि गुन्हा कायमचे. गल्लीतल्या रस्त्याचा ठेकेदार एका पोळ्याला जळून सुटतो. बाकाबाईंना अजून सुटका नाही.

इतिहासाच्या हिशेबानं एक बडगा बाकी आहे. हातात तराजू, डोक्यावर पगडी, मागे पगार थकलेले चार शिपाई, पाटीवर ‘बडा बनिया, 1803 पासून’. मी हे एकदा बोलून पाहिलं. बडगे काढणाऱ्या मंडळाच्या लोकांना कल्पना आवडली, हसलेही. मग एकानं हळूच आठवण करून दिली की वर्गणी इतवारीच्याच दुकानांतून येते, पाटीवर बनिया लिहिलं तर पावतीपुस्तक कोण फाडेल? दुसरा म्हणाला, राजे आपले, त्यांचा पुतळा कसा जाळायचा. राणी कुणाची, हे विचारायच्या आत चहा आला.