तार्त्यूफचीं पांच वर्षें

‘संशयकल्लोळ’ नाटकांतील फाल्गुनराव आणि ती तसबीर यांची ओळख नाहीं असें, नाटकाची आवड असलेलें मराठी घर सांपडणें कठीण. देवलांनीं तें कथानक मर्फी या इंग्रजी नाटककाराकडून घेतलें, आणि मर्फीनें तें मोलियर या फ्रेंच नट-नाटककारापासून उचललें होतें. म्हणजे १९१६ सालापासून मराठी प्रेक्षक ज्या गोष्टीला हसत आला आहे, तिचें मूळ सतराव्या शतकांतील पॅरिसांत आहे. त्याच मोलियरच्या दुसऱ्या एका नाटकाची हकीकत आज सांगावयाची आहे. त्या नाटकाला हसणें इतकें सोपें नव्हतें. पॅरिसच्या प्रेक्षकांना तें मोकळेपणानें पाहावयास मिळण्यापूर्वीं पांच वर्षें जावीं लागलीं, आणि मध्यंतरीं तें घरांत वाचून दाखविणाऱ्यालाहि धर्मबहिष्काराचें भय होतें.

१६६४ सालच्या मे महिन्यांत चौदाव्या लुई राजानें व्हर्साय येथें मोठा उत्सव केला. राजा पंचविशींतला. उत्सव नांवाला राणीच्या आणि राजमातेच्या सन्मानार्थ होता. खरा कोणासाठीं होता हें दरबारांत सर्वांस ठाऊक होतें. १२ मे रोजीं मोलियरच्या मंडळीनें तेथें तीन अंकांचें एक नवें नाटक करून दाखविलें. राजाला तें मनोरंजक वाटलें, असें उत्सवाच्या छापील वृत्तांतांतच नमूद आहे. मात्र त्याच वृत्तांतांत पुढें असेंहि म्हटलें आहे कीं, खरी भक्ति आणि भक्तीचा देखावा यांचें बाह्य रूप फार सारखें असल्यामुळें लोकांचा घोटाळा होईल, यास्तव राजानें त्याचे जाहीर प्रयोग बंद केले. राजा हसला आणि राजानेंच मनाई केली, असा हा प्रकार आहे.

नाटकांत होतें तरी काय? ऑर्गों नांवाचा एक सुखवस्तु गृहस्थ देवळांत तार्त्यूफची भक्ति पाहून भारावतो आणि त्याला घरीं आणून ठेवतो. धर्मनिष्ठ घरांत असा एखादा मार्गदर्शक बाळगण्याची तेव्हां फ्रान्समध्यें रीतच होती. आपल्याकडील श्रोत्यांना हा पाहुणा परका वाटण्याचें कांहीं कारण नाहीं. तार्त्यूफ हळूहळू घराचा धनी होतो. ऑर्गों त्याला मुलगी देऊं करतो, मुलाला घराबाहेर काढतो, सारी मिळकत त्याच्या नांवानें लिहून देतो. इकडे तार्त्यूफचा डोळा ऑर्गोंच्या पत्नीवर, एल्मीरवर आहे. ती नवऱ्याला टेबलाखालीं लपावयास सांगते आणि तार्त्यूफला बोलतें करते. टेबलाखालीं नवरा, वर भक्तराजांचें प्रेमनिवेदन! स्वर्गाच्या आज्ञांतूनहि पळवाट कशी काढतां येते, हें तो अगदीं शास्त्रीपंडिताच्या शांतपणानें समजावून सांगतो. ऑर्गोंची भूमिका स्वतः मोलियर करीत असे.

विरोध मात्र प्रयोग पाहून सुरू झाला असें नाहीं. ‘पवित्र साक्रामेंताची मंडळी’ नांवाची एक गुप्त धार्मिक संस्था त्या काळीं फ्रान्समध्यें होती. तिच्या १७ एप्रिलच्या बैठकींत, म्हणजे उत्सवाच्या जवळजवळ महिनाभर आधींच, हें नाटक दाबून टाकण्यासाठीं खटपट करावी असें ठरलें. या मंडळीला केवळ खलपुरुष ठरविणें न्यायाचें होणार नाहीं. गोरगरिबांस आणि तुरुंगांतील बंदिवानांस तिनें पुष्कळ साहाय्य केलें. परंतु लोकांच्या घरांतील वर्तनावर नजर ठेवणें हेंहि ती आपलें पुण्यकार्य समजे, आणि तार्त्यूफ नेमका तोच उद्योग करीत होता. त्याच उन्हाळ्यांत पॅरिसमधील रुले नांवाच्या धर्मगुरूनें एक पुस्तिका काढून, मोलियर हा मनुष्यदेह धारण केलेला सैतान असून तो जाळण्याच्याच लायकीचा आहे, असें प्रतिपादिलें.

मोलियरनें पुढें आपल्या प्रस्तावनेंत एक आख्यायिका दिली आहे. मनाईनंतर आठ दिवसांनीं दरबारांत दुसऱ्याच एका मंडळीचें ‘स्कारामूशचा संन्यास’ अशा धर्तीचें प्रहसन झालें. मोलियरवर चिडणारे लोक या प्रहसनाबद्दल अवाक्षर कां काढीत नाहींत, असें राजानें विचारलें. त्यावर एका थोर सरदारानें उत्तर दिलें, त्याचा मथितार्थ असा: तेथें थट्टा देवाधर्माची आहे, तिचें या गृहस्थांस सोयरसुतक नाहीं, मोलियरनें थट्टा त्यांची स्वतःची केली, ती मात्र सोसवत नाहीं.

उत्तर चटकदार आहे, म्हणूनच त्यावर थांबूं नये. धर्माधिकाऱ्यांच्या म्हणण्यांत एक खरी अडचण होती. गुडघे टेकणें, डोळे मिटणें, उपवास करणें, उसासे टाकणें या क्रिया साधु आणि भोंदू दोघेहि सारख्याच करतात. रंगभूमीवर क्रिया दिसते, अंतःकरण दिसत नाहीं. भोंदूच्या प्रार्थनेला हसावयास शिकलेला प्रेक्षक उद्यां शेजारच्या भाविक म्हातारीच्या प्रार्थनेलाहि हसणार नाहीं कशावरून? या प्रश्नाला मोलियरनें उत्तर दिलें तें नाटकाच्या बांधणींतून, आणि मला तें त्याच्या सर्व अर्जांहून अधिक मोलाचें वाटतें. आज उपलब्ध असलेल्या पांच अंकांत तार्त्यूफ पहिले दोन अंक रंगभूमीवर येतच नाहीं. घरांतील माणसें त्याच्याविषयीं भांडतात. कोणी त्याला संत म्हणतो, कोणी लुच्चा. प्रेक्षकाची पारख पक्की झाल्यावर तिसऱ्या अंकांत तो प्रवेश करतो, आणि त्याचें पहिलें वाक्य असतें तें नोकराला, आपलें केसाळ वस्त्र आणि देहदंडाचा आसूड नीट ठेवण्याविषयीं. दासी समोर आहे हें पाहूनच तो तें मोठ्यानें बोलतो. ज्याची भक्ति कोणी पाहत असल्याखेरीज बोलत नाहीं त्याला ओळखण्यास अंतःकरणांत शिरावें लागत नाहीं. साधु आणि भोंदू यांतील भेद रंगभूमीवर दाखवितां येतो, हें मोलियरनें येथें दाखविलें.

तरीहि मनाई उठली नाहीं. सरदारांच्या वाड्यांतून नाटकाचीं वाचनें होत राहिलीं. राजानें मंडळीला आपलें नांव दिलें, वेतन दिलें, एवढें नाटक तेवढें दिलें नाहीं. १६६७ सालीं मोलियरनें तडजोड केली. नाटकाचें नांव ‘तोतया’ ठेवलें, तार्त्यूफचा पान्युल्फ केला, त्याला लांब केस, तलवार आणि झालरी देऊन चारचौघांसारखा गृहस्थ बनविला आणि पुष्कळ बोचरीं वाक्यें बोथट केलीं. ५ ऑगस्ट रोजीं पॅरिसांत प्रयोग झाला. दुसऱ्याच दिवशीं मुख्य न्यायाधीश लाम्वान्यों यानें तो बंद पाडला. राजा फ्लँडर्समध्यें लढाईवर होता आणि पॅरिसचा कारभार लाम्वान्योंच्या हातीं. शिवाय तो स्वतः त्या गुप्त मंडळींतला. ११ ऑगस्ट रोजीं आर्चबिशप पेरेफिक्स यांनीं फर्मान काढलें कीं, हें नाटक जो करील, वाचील किंवा वाचलेलें ऐकेल, मग तें जाहीर असो वा खासगी, तो धर्मबहिष्कृत होईल.

मोलियरनें ला ग्रांज आणि ला तोरिएर या दोन नटांना अर्ज देऊन लील शहराच्या वेढ्यांत असलेल्या राजाकडे धाडलें. ला ग्रांज मंडळीचा जमाखर्च ठेवीत असे, म्हणून आपल्याला कळतें कीं या प्रवासाला १००० लिव्र लागले आणि सात आठवडे नाटकगृह बंद राहिलें. परत आल्यावर नाटक तपासून पाहूं, असा राजाचा निरोप आला. त्या तपासणीस पुढें आणखी दीड वर्ष गेलें.

अखेर ५ फेब्रुवारी १६६९ रोजीं परवानगी मिळाली. त्या दिवशींचें उत्पन्न २८६० लिव्र, म्हणजे त्या निष्फळ प्रवासाच्या खर्चाच्या जवळजवळ तिप्पट. मोलियर वादांत जिंकला म्हणून ही परवानगी मिळाली, असें मला वाटत नाहीं. धर्मपक्षाची मोठी आश्रयदाती राजमाता १६६६ सालींच वारली होती, आणि चर्चमधील जुनें भांडण मिटून पोपशीं नुकताच समेट झाला होता. राजाला आतां कोणाची भीड उरली नव्हती. त्याच दिवशीं मोलियरनें राजाकडे आणखी एक अर्ज केला. त्यांत आपल्या वैद्याच्या मुलासाठीं चर्चमधील एक वतनाची जागा मागितली आहे. तार्त्यूफच्या कर्त्याला हें शोभतें!

या कृपेची किंमत नाटकाच्या अंगावर दिसते. पांचव्या अंकांत तार्त्यूफ ऑर्गोंला पकडविण्यासाठीं राजाचा अधिकारी घेऊन येतो, आणि अधिकारी तार्त्यूफलाच पकडतो. मग राजा माणसांचीं हृदयें कशीं ओळखतो यावर त्याचें लांबलचक भाषण होतें. चार अंक सर्व पात्रें जिवंत माणसांसारखीं बोलतात. येथें अचानक भाट बोलूं लागतो. १६६४ मधील तीन अंकांची संहिता आज उपलब्ध नाहीं. फोरेस्तिए या फ्रेंच विद्वानानें ती तर्कानें पुन्हां जुळविली, आणि मोलियरच्या चारशेंव्या जन्मवर्षीं, १५ जानेवारी २०२२ रोजीं, पॅरिसच्या कॉमेदी फ्रांसेज नाट्यगृहानें ती रंगभूमीवर आणली. तींत राजाचा अधिकारी येतच नाहीं.

१७ फेब्रुवारी १६७३ रोजीं आपल्या शेवटच्या नाटकाचा चौथा प्रयोग आटोपून मोलियर घरीं आला आणि कांहीं तासांत वारला. बोलावलेल्या दोघां धर्मगुरूंनीं येण्याचें नाकारलें, तिसरा आला तोंवर उशीर झाला होता. नटाचा धंदा विधिपूर्वक सोडल्याचें वचन न देतां मेलेल्यास पवित्र भूमींत जागा देतां येत नाहीं, असें त्याच्या चर्चच्या धर्मगुरूचें म्हणणें पडलें. त्याची पत्नी आर्मांद राजाकडे गेली. राजानें शब्द टाकला तेव्हां आर्चबिशपांनीं परवानगी दिली. परंतु समारंभ नाहीं, दोनच धर्मगुरु, आणि तेंहि दिवस मावळल्यावर. २१ फेब्रुवारीच्या रात्रीं नऊच्या सुमारास मशालींच्या उजेडांत त्याला नेण्यांत आलें.