ध्वनिमुद्रणाचे शिक्षण आणि गीतकाराचे स्वामित्व

ध्वनिमुद्रित गीतात तीन स्वतंत्र निर्मिती एकत्र आलेल्या असतात : शब्दरचना, स्वररचना आणि मुद्रित ध्वनी. कायद्याने या तिन्हींचे हक्क वेगळे मानले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिमुद्रण हा उच्च शिक्षणाचा विषय झाला, तेव्हा यांपैकी कशाचे ज्ञान अभ्यासक्रमात आले आणि कशाचे बाहेर राहिले, हे पाहणे उद्बोधक ठरते. गीतकार हा साहित्यिकच असल्याने हा प्रश्न साहित्येतिहासाच्याही कक्षेत येतो.

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ 1902 मध्ये कोलकात्यात झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी तेथे गौहरजान यांचे गायन मुद्रित केले. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत. गायनाच्या शेवटी गौहरजान आपले नाव इंग्रजीत उच्चारीत. गायिकेचे नाव अशा रीतीने मुद्रित ध्वनीचाच भाग झाले. पदकर्त्याच्या नावाला मात्र तेथे तशी जागा नव्हती. यंत्र हाताळण्याची विद्या या काळात प्रत्यक्ष कामातूनच आत्मसात केली जाई.

या विद्येला विद्यापीठीय रूप द्यावे, असा विचार संगीतकार आर्नोल्ड शॉनबर्ग यांनी 1946 मध्ये शिकागो विद्यापीठाचे कुलपती रॉबर्ट हचिन्स यांना लिहिलेल्या पत्रात मांडला होता. ध्वनिमुद्रकाला संगीत, ध्वनिशास्त्र आणि यंत्रविद्या यांचे एकत्रित शिक्षण मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. ही कल्पना प्रत्यक्षात आली ती जर्मनीत. एरिख थीनहाउस यांनी 1949 मध्ये डेटमोल्ड येथील संगीत अकादमीत ‘टोनमाइस्टर’ अभ्यासक्रम सुरू केला. स्वरलिपी वाचणारा कान आणि यंत्र जाणणारा हात एकाच व्यक्तीच्या ठायी असावा, ही त्यामागील धारणा होती. इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठाने 1970 मध्ये हाच आदर्श स्वीकारला.

अमेरिकेतील मायामी विद्यापीठात मात्र क्रम उलटा दिसतो. तेथे संगीतकार आल्फ्रेड रीड यांच्या पुढाकाराने 1966 मध्ये संगीताच्या व्यापाराचा अभ्यासक्रम आला आणि ध्वनिमुद्रणाचे शिक्षण 1975 च्या सुमारास सुरू झाले. प्रकाशन, परवाने, करार आणि रॉयल्टी हे विषय संगीताच्या विद्यार्थ्याने शिकण्याजोगे आहेत, ही भूमिका त्यातून प्रस्थापित झाली.

भारतात ध्वनिमुद्रणाच्या शिक्षणाला आश्रय मिळाला तो चित्रपटाच्या छत्राखाली. केंद्र शासनाने 1960 मध्ये पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीच्या वास्तूत, चित्रपट शिक्षणाची संस्था स्थापन केली आणि तेथे दिग्दर्शन, छायालेखन, संकलन यांच्या जोडीने ध्वनिमुद्रणही शिकवले जाऊ लागले. या परंपरेची गुणवत्ता निर्विवाद आहे. तेथील स्नातक रसूल पुकुट्टी यांना 2009 मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. परंतु या शिक्षणाचे प्रयोजन चित्रपटाचा ध्वनी हे होते. गीत हे चित्रपटाचे एक अंग मानले गेले. त्याचे स्वतंत्र अर्थकारण हा अध्ययनाचा विषय नव्हता.

याच सुमारास न्यायालयात नेमका तोच प्रश्न उभा राहिला. गीतकार व संगीतकार यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था 1969 मध्ये स्थापन झाली होती. तिच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये असा निर्णय दिला की, निर्मात्याने मोबदला देऊन गीत वा संगीत करवून घेतले असेल आणि करारात उलट काही नमूद नसेल, तर चित्रपटापुरते प्रथम स्वामित्व निर्मात्याचे. ‘करारात उलट काही नमूद नसेल तर’ या एका अटीवर गीतकाराचे सारे भवितव्य अवलंबून राहिले. अट कागदोपत्री दोन्ही पक्षांना समान होती. व्यवहारात करार लिहिणारा पक्ष एक आणि त्यावर स्वाक्षरी करणारा दुसरा होता.

ही विषमता दूर करण्यास पुढे कायद्यालाच बदलावे लागले. स्वामित्वहक्क कायद्यात 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटातील गीताचा अन्यत्र वापर झाल्यास रॉयल्टीचा समान वाटा मिळण्याचा गीतकार व संगीतकार यांचा हक्क कायम राहतो. वारस किंवा हक्कसंस्था यांखेरीज कोणालाही तो देऊन टाकता येत नाही. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य, गीतकार जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीचा हिरिरीने पाठपुरावा केला होता. कराराने हक्क सोडून देण्याचे स्वातंत्र्यच कायद्याने काढून घेतले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. आपण कशावर स्वाक्षरी करीत आहोत हे जाणण्याचे आणि ते नाकारण्याचे बळ सर्जकापाशी नव्हते, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच होय.

डेटमोल्डने कान आणि यंत्र यांची सांगड घातली. मायामीने त्यांना व्यवहाराची जोड दिली. भारतीय परंपरेत यांतील पहिली सांगड समर्थपणे साधली गेली, दुसरी दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. मुद्रित गीताचा ‘कर्ता’ कोण, या प्रश्नाचा तौलनिक विचार करताना संहितेइतकेच करारपत्रही अभ्यासावे लागेल, कारण गीतकाराचे कर्तेपण कवितेत सिद्ध होत असले, तरी ते टिकते वा हरपते ते करारपत्रात.