बर्मिंगहॅमचा नेम, मद्रासची हवा

कारखान्यातून आलेली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल खोक्यातून काढायची, काही दुरुस्ती न करता मैदानावर न्यायची आणि शंभर यार्डांवर तीन गोळ्या झाडायच्या. त्या एक इंचाच्या आत पडल्या की रायफल अचूक, तीन इंचांवर फाकल्या की सुमार. रायफलींची तुलना आज जगभर बहुतेक अशीच होते. हा आकडा खोटा नसतो, पण तो जे सांगतो असे आपण धरून चालतो तेवढे तो सांगत नाही. नळी, लाकूड, काडतूस आणि हवा या चौघांचा एका ठिकाणी, एका दिवशी जो मेळ बसला त्याची ती नोंद असते. चौघांतला एकजण बदलला की नोंद जुनी होते. हे समजून घ्यायला मद्रासइतके चांगले गाव सापडणार नाही. इथे विकली गेलेली जवळजवळ प्रत्येक रायफल दुसरीकडे घडलेली होती, दुसऱ्याच हवेत तपासलेली होती.

मुळात तुलना करायची तर वस्तू सारख्या हव्यात. एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात तंजावरच्या मराठ्यांच्या शस्त्रागारातली शस्त्रे आहेत. तंजावरचे राज्य 1855 मध्ये खालसा झाले आणि तिथल्या शस्त्रांपैकी निवडक मद्रासला आली. त्या काळातली तोड्याची बंदूक कारागिरागणिक वेगळी असायची. ‘अमुक बंदूक किती नेमकी मारते’ हा प्रश्न त्या एका बंदुकीपुरताच विचारता येई. रायफलीच्या अख्ख्या जातीबद्दल तो विचारता येऊ लागला तो एकाच मापाचे हजारो नग पाडणाऱ्या कारखान्यामुळे. मद्रासच्या दुकानांनी मात्र ही गोष्ट थोडी झाकून ठेवली. माउंट रोडवरची पी. ऑर अँड सन्स ही 1849 पासूनची पेढी घड्याळे आणि दागिन्यांसाठी नावाजलेली. बंदुका आणि रायफलीही ती विकायची. नळीवर पेढीचे आणि मद्रासचे नाव कोरलेले असे, पण तशा नळ्या सहसा इंग्लंडच्या कारखान्यांत बनत, आणि असे दुकानाचे नाव घालणे त्या व्यापारात रीतसर मानले जाई. निलगिरीच्या उघड्या कड्यांवर तहरच्या मागे जाणारा गोरा अधिकारी त्या नावावर भरवसा ठेवी. नेम मात्र इंग्लंडातल्या मैदानावर, तिथल्या थंडीत बसवलेला असे.

फरक पडायचा तो इथेच. कॉर्डाइट ही नायट्रोग्लिसरिन आणि गनकॉटनची दोरीसारखी दारू. ती तापली की भरभर जळते, नळीतला दाब वाढतो आणि गोळीचा वेगही. मद्रासच्या मे महिन्यात उन्हात राहिलेले काडतूस आणि इंग्लंडच्या हिवाळ्यातले काडतूस यांचे वागणे एक नव्हते. इंग्रज कारखानदारांना हे पक्के ठाऊक होते, म्हणून हिंदुस्थानसाठी ते कमी दारू भरलेली ‘ट्रॉपिकल’ काडतुसे वेगळी काढत. दुसरी भानगड लाकडाची. ब्रिटिश लष्कराच्या आखूड ली-एनफिल्ड रायफलीचे तोंडाकडचे टोपण उघडले की आत एक बोटभरही नसलेली स्प्रिंग आणि तिच्यावर बसलेली छोटी खुंटी दिसते. ही खुंटी नळीला खालून वर रेटत असते. मागे नळीचा जाड भाग लाकडात घट्ट बसलेला, मध्ये एक पट्टी आणि तिचीही स्प्रिंग. हे तिन्ही दाब ठरल्याप्रमाणे राहिले तर गोळ्या एका जागी पडतात. समुद्रकाठच्या दमट हवेत लाकूड फुगले किंवा कोरड्या दिवसांत आकसले की दाब हलतो आणि नेमही हलतो. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने पुढे आपल्या रायफलींच्या लाकडात मागच्या दर्शकामागे एक आडवा स्क्रू घातला, लाकूड फाटू नये म्हणून. इंग्लंडच्या मूळ नमुन्यात तो नव्हता.

यावर कसलेला नेमबाज म्हणेल, की लाकूड आणि दारू ही वरवरची कारणे झाली. खरी अचूकता नळीतल्या पिळांत आणि कोठीच्या मापात असते आणि पोलाद मद्रासला आले म्हणून आपले माप सोडत नाही. आक्षेप अर्धा खरा आहे. गोळ्या एकमेकींपासून किती फाकतात हे बरेचसे नळी ठरवते. पण त्यांचा पुंजका कुठे पडतो ही वेगळी बाब आहे आणि शिकाऱ्याला वा सैनिकाला तिचीच गरज जास्त. बोअर युद्धाच्या वेळी, 1899 च्या अखेरीस, इम्पीरियल योमनरी या स्वयंसेवक तुकड्यांना दिलेल्या नव्या कोऱ्या ली-एनफिल्ड पाचशे यार्डांवर दीड फूट उजवीकडे मारत असल्याचे आढळले. नळ्या ठीक होत्या. दर्शक चुकीचे बसवले होते. अशा रायफलीचा पुंजका कितीही लहान असो, त्याचा समोरच्याला काय धाक? शिवाय नळी एकटी कधीच काम करत नाही. ली-एनफिल्डच्या बोल्टची खिटी मागे असते, पुढे नाही. त्यामुळे गोळी सुटताना रायफलीचा सांगाडा किंचित वाकतो आणि नळी थरथरते. जर्मन मॉसर रायफलीच्या भक्तांनी या दोषावर पुष्कळ झोड उठवली. पण आर्नल्फ मॅलॉक यांनी 1901 मध्ये नळीच्या कंपनांवर रॉयल सोसायटीपुढे जो निबंध मांडला, त्यानंतर हा दोष वेगळा दिसू लागला. मंद गोळी नळीतून किंचित उशिरा बाहेर पडते. तोपर्यंत नळीचे तोंड वर गेलेले असते, म्हणून ती थोडी उंच सुटते आणि लांबवर वेगवान गोळीजवळच येऊन पडते. शंभर यार्डांवर हरणारी ही रायफल इंग्लंडमधल्या बिझलीच्या मैदानावर नऊशे-हजार यार्डांवर म्हणूनच पसंत केली जाई. एका अंतरावरच्या तुलनेने तिला नापास केले असते.

कारखान्याची तपासणीही त्याच्या गरजेपुरतीच असते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश तपासनीस रायफल यांत्रिक घोडीवर आवळून शंभर फुटांवर पाच गोळ्या झाडत. त्यांतल्या चार एक इंच रुंद आणि दीड इंच उंच चौकटीत पडायला हव्यात. दहा टक्के रायफली सहाशे यार्डांवरही तपासल्या जात, तिथे दहापैकी नऊ गोळ्या दोन फुटी वर्तुळात हव्यात. शंभर यार्डांच्या हिशेबात ही सूट तीन-चार इंचांची होते. आजचा ग्राहक हसेल. पण ही कसोटी माणसावर रोखलेल्या रायफलीची होती, कागदावर रोखलेल्या नव्हे, आणि सहाशे यार्डांवर तिच्यात दहा गोळ्या होत्या. आज कंपन्या ज्या हमीवर जाहिरात करतात ती बहुधा तीन गोळ्यांची असते. गणित साधे आहे: तीच रायफल, तोच हात ठेवून दहा गोळ्या झाडल्या तर पुंजक्याची रुंदी तीन गोळ्यांच्या पुंजक्याच्या सरासरी दीडपटीहून अधिक भरते. तेव्हा आजच्या एका इंचाला त्या तीन-चार इंचांसमोर ठेवणे हा हिशेबच चुकीचा आहे.

नव्या यंत्रांनी हा सगळा वाद निकालात काढला, असेही म्हटले जाते. नळ्या सुधारल्या हे निर्विवाद. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतले. त्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम 10.4 मिलिमीटरचे असते. पण नेमबाजीच्या याच वरच्या पातळीवर खोक्यातल्या चाचणी-कागदावर कुणी थांबत नाही. नेमबाज आपली नळी काडतुसांच्या कारखान्याच्या चाचणी-बोगद्यात नेतात, एकाच जातीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसे तिच्यातून झाडून पाहतात आणि जो लॉट जुळेल तो साठवून ठेवतात. नळी जितकी चांगली, तितकी काडतुसाची निवड महत्त्वाची होत जाते.

या सगळ्यात सर्वांत जास्त अन्याय झाला तो ईशापूरच्या .315 रायफलीवर. लष्कराच्या .303 काडतुसाची रायफल सामान्य परवानेदाराला मिळू नये हे सरकारी धोरण, म्हणून नागरिकांसाठी ऑस्ट्रियन मानलिखरचे जुने 8 मिलिमीटर काडतूस निवडले गेले आणि ली-एनफिल्डच्याच घडणीची रायफल त्याच्यासाठी बनली. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधने आली, 1980 च्या दशकाच्या मध्यात खासगी आयात बंद झाली, आणि चेन्नईच्या परवानेदारापुढे नव्या रायफलीसाठी उरला तो मुख्यतः सरकारी कारखान्याचा माल. साहजिकच तुलना जुन्या विलायती रायफलींशी झाली आणि तिच्यात ईशापूर हरले. पण ही तुलना कशाची कशाशी? एकीकडे ग्राहकाच्या पसंतीसाठी झटणारा कारखानदार आणि त्याने रायफलीबरोबर जुळवलेले काडतूस. दुसरीकडे बंगालमध्ये घडलेली रायफल, बुडावर ‘8 एमएम केएफ’ ठसा असलेले पुण्याच्या खडकीचे काडतूस, उघडे दर्शक आणि जड, संथ गोळी. ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही तिथे कारखान्यावर सुधारणेचा दाब राहत नाही, हा दोष खरा आहे आणि तो लपवू नये. तो धोरणाचा दोष आहे, लेथवर बसलेल्या माणसाच्या हाताचा नव्हे. ईशापूरची रायफल खरोखर किती नेमकी आहे हे ज्याला पाहायचे असेल त्याने तिच्या दहा-दहा गोळ्या मोजाव्यात: खडकीचा एकच लॉट, एकच मैदान, एकदा चेन्नईच्या मे महिन्यात, एकदा ईशान्य मोसमी पावसात, आणि शेजारच्या ओट्यावर विलायती रायफल त्याच उन्हात, त्याच दमट हवेत ठेवून.