कृषी सल्ला आणि विद्यापीठाचे उत्तरदायित्व

शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही कृषी विद्यापीठाची तीन कामे. पहिल्या दोहोंची जबाबदारी स्पष्ट आहे, तिसरे मात्र विभागलेले आहे. अमेरिकेत १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारसेवा विद्यापीठांशीच जोडली. आपण १९६० मध्ये पंतनगरला तोच नमुना घेतला, पण गावपातळीवरचा विस्तार राज्यांच्या कृषी खात्यांकडेच राहिला. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोलीची विद्यापीठे याच चौकटीत आहेत. शिफारस विद्यापीठाने करायची, बांधापर्यंत ती मुख्यतः खात्याने न्यायची. कृषी विज्ञान केंद्रे हा दुवा खरा, पण एका केंद्राच्या वाट्याला शेकडो गावे येतात.

या विभागणीची किंमत कपाशीच्या शेतात कळते. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार उडवला. ही अळी बोंडात शिरली की शिरकावाचे छिद्र बुजते. बोंड बाहेरून हिरवेगार दिसते, आत सरकी पोखरलेली असते. तिथे फवारा पोचत नाही. म्हणून सल्ला आधी हवा: पाकळ्या न उमललेल्या डोमकळ्या वेचा, कामगंध सापळे लावा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले तरच फवारा.

यातला ‘तरच’ फार मोलाचा आहे. संध्याकाळी शेतकरी जातो ते कृषी सेवा केंद्रात, कारण ते उघडे असते आणि उधारीही देते. पण ज्याचे पोट औषधाच्या विक्रीवर आहे, त्याने ‘आज फवारू नका’ म्हणावे ही अपेक्षा अवाजवी आहे. ते सांगण्याची मोकळीक विद्यापीठाला आहे, कारण त्याचे पोट औषधाच्या विक्रीवर नाही.

तरीही खरा सल्लासुद्धा एकट्याने पाळून भागत नाही. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी, ठेवू नका, ही शिफारस जुनीच. शेजाऱ्याने फरदड राखली की पतंग बांध ओलांडतोच. पाण्याची सोय असलेला शेतकरी चार वेचे जास्त मिळावेत म्हणून ती राखतो आणि त्याचा हिशेब चुकीचाही नसतो. हा हिशेब समजून न घेता केलेली शिफारस मला अपुरी वाटते. ती गावाला उद्देशून हवी, आणि फरदड मोडल्यावर त्या शेतात कोणते रब्बी पीक परवडेल, हेही तिने सांगावे.

या चारही विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या, म्हणजे संयुक्त ॲग्रेस्कोच्या, बैठकीत दरवर्षी नव्या शिफारशींना मान्यता मिळते. त्याच बैठकीत तीन वर्षांपूर्वीच्या शिफारशी किती शेतकऱ्यांनी स्वीकारल्या आणि उरलेल्यांनी का नाकारल्या, याचा अहवालही विद्यापीठांनी मांडावा.