गणितातल्या फरश्या, गवंड्याच्या फरश्या

खोली ११ फूट लांब, ९ फूट रुंद. फरशी २ फूट लांब, २ फूट रुंद. किती फरश्या लागतील? वर्गात आपण क्षेत्रफळाला क्षेत्रफळाने भागायला सांगतो. ९९ भागिले ४ म्हणजे पावणेपंचवीस, म्हणून २५.

ही रीत जुनीच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) चितिव्यवहार हे प्रकरण आहे. चिती म्हणजे विटांची रास. ८ हात लांब, ५ हात रुंद, ३ हात उंच चितीत १८ × १२ × ३ अंगुळांच्या विटा किती? हात २४ अंगुळांचा. घनफळाला घनफळाने भागून उत्तर येते २५६० विटा; थर २४.

आता २५६० ला २४ ने भागून पाहा. एका थरात १०६ पूर्णांक दोन तृतीयांश विटा! एकूण संख्या पूर्ण, पण प्रत्येक थरात वीट फोडावीच लागणार. पहिला भागाकार हे सांगत नाही.

आपल्या खोलीचेही तसेच. कापून उरलेले तुकडे वापरले तर २५ फरश्या पुरतात; टाकून दिले तर ६ गुणिले ५, म्हणजे ३० लागतात. गवंडी ३० मागतो तेव्हा त्याचे गणित कच्चे नसते. भास्कराचार्यांनीही पुढे म्हटले आहे, की वीटकाम, दगडकाम, खोदकाम व करवतकाम यांचे मोल माल मऊ की कठीण हे पाहून, कारागिरांच्या संमतीने ठरवावे.

मुलांना चौकटीच्या कागदावर ही खोली आखू द्या, कागदी फरश्या कापून बसवू द्या. दोन्ही उत्तरे त्यांची त्यांनाच सापडतील.