एका शब्दाची कागदपत्रे : ‘ऑल मेन’ ते ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’

दरवर्षी १० डिसेंबर जवळ आला की हंसा मेहता यांचे छायाचित्र आणि त्याखाली दोन ओळींचा मजकूर फिरू लागतो. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातले ‘ऑल मेन’ हे शब्द त्यांनी बदलायला लावले आणि तिथे ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आले, असा त्याचा आशय. मजकूर खोटा नाही. पण त्याला आधार कोणता, हे त्यात क्वचितच सांगितलेले असते. त्या कोणत्या बैठकीत, कोणत्या दिवशी, नेमके काय म्हणाल्या? त्यांना उत्तर कोणी दिले? शब्द लगेच बदलला की नंतर? हे प्रश्न विचारले की गौरवाचा मजकूर संपतो आणि इतिहासाचे काम सुरू होते. मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कायद्याची साधने शोधायची कशी, हेही या एका शब्दाचा माग काढताना बरेचसे उलगडते.

पहिली गाठ पडते ती संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवज-क्रमांकांशी. नवख्याला ते कोडे वाटतात. प्रत्यक्षात तो गावाचा, गल्लीचा आणि घराचा पत्ता असतो. ‘ई/सीएन.४/एसआर.३४’ हा क्रमांक घ्या. ‘ई’ म्हणजे आर्थिक व सामाजिक परिषद. ‘सीएन.४’ म्हणजे तिच्या हाताखालचा मानवी हक्क आयोग, ‘सीएन.६’ असते तर तो महिलांच्या स्थितीविषयीचा आयोग. ‘एसआर’ म्हणजे बैठकीचे सारांश-इतिवृत्त आणि ३४ हा बैठकीचा क्रमांक. क्रमांकाची सुरुवात ‘ए’ने झाली तर कागद आमसभेचा, ‘ए/सी.३’ने झाली तर आमसभेच्या तिसऱ्या समितीचा. शेवटी ‘रेव्ह’, ‘अ‍ॅड’ किंवा ‘कॉर’ असेल तर तो अनुक्रमे सुधारित मसुदा, पुरवणी किंवा शुद्धिपत्र. एवढी बाराखडी आली की न्यूयॉर्कच्या दाग हामरशोल्ड ग्रंथालयाने चालवलेल्या डिजिटल संग्रहात घरबसल्या शिरता येते. त्या काळचे चक्रमुद्रित कागद तिथे वाचायला मिळतात, तेही विनामूल्य. विद्यापीठाचे ओळखपत्र नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही सोय किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता शब्दाच्या मागावर जाऊ. अठरा सदस्यांच्या या आयोगाचे पहिले अधिवेशन जानेवारी १९४७मध्ये लेक सक्सेस येथे भरले. अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट होत्या आणि भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता. जून १९४७मध्ये मसुदा समिती बसली. तिच्या आठ सदस्य-देशांत भारत नव्हता. सचिवालयातले कॅनेडियन अधिकारी जॉन हम्फ्री यांनी केलेला ४८ कलमांचा आराखडा समितीपुढे होता. फ्रान्सचे रेने कासँ यांनी त्याची फेरमांडणी केली. पुढे कित्येक वर्षे कासँ यांच्या हस्ताक्षरातला मसुदा हाच जाहीरनाम्याचा मूळ मसुदा समजला जाई. हम्फ्री यांचे कागद मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अभ्यासले गेले तेव्हा क्रम स्पष्ट झाला : आधी हम्फ्री, मग कासँ. हस्ताक्षर पाहून कर्तृत्व ठरवू नये, हा धडा या क्षेत्रातल्या प्रत्येकाने गाठीशी बांधावा असा आहे.

कासँ यांच्या मांडणीत पहिल्याच कलमात सगळे ‘मेन’ एकमेकांचे भाऊ होते. डिसेंबर १९४७मध्ये आयोगाचे दुसरे अधिवेशन जिनिव्हात भरले, तेव्हा हे कलम चर्चेला आले. वर दिलेला क्रमांक त्याच अधिवेशनातल्या बैठकीचा आहे. हंसाबेनचे म्हणणे त्यात थोडक्यात नोंदले आहे. ‘ऑल मेन’ ही शब्दरचना आणि एकमेकांशी भावांसारखे वागावे ही अपेक्षा, दोन्ही त्यांना पसंत नव्हती. यातून स्त्रियांना वगळल्याचा अर्थ निघू शकतो आणि ही भाषा आता जुनी झाली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. उत्तर आले ते खुद्द अध्यक्षांकडून. या अर्थाने वापरलेल्या ‘मेन’मध्ये सर्व माणसे येतात हे सर्वमान्य आहे, असे रूझवेल्ट यांनी सांगितले. आयोगात स्त्रिया दोनच, आणि या शब्दावर त्या दोघींचे मत जुळत नव्हते. फिरत्या मजकुरात हा भाग सहसा येत नाही.

त्या अधिवेशनात शब्द बदललाच नाही. जिनिव्हाचा मसुदा बाहेर आला तो ‘ऑल मेन’ आणि ‘भावांसारखे’ यांच्यासह. इथे दुसरी फाइल उघडावी लागते, ‘सीएन.६’ची. डेन्मार्कच्या बोडिल बेगट्रुप या महिला आयोगाच्या अध्यक्ष होत्या. जानेवारी १९४८च्या अधिवेशनात त्या आयोगाने या दोन्ही शब्दप्रयोगांत बदल सुचवला. मग मे-जून १९४८मध्ये मानवी हक्क आयोगाचे तिसरे अधिवेशन झाले. त्याचा अहवाल ‘ई/८००’ या क्रमांकाखाली आहे आणि त्यात पहिले कलम ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ने सुरू होते. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये आमसभेने जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला. आठ देश तटस्थ राहिले. पहिल्या कलमात तेच शब्द होते.

म्हणजे हंसाबेननी जिनिव्हात वाद उभा केला, महिला आयोगाने तो पुढे नेला आणि सहा महिन्यांनी मजकूर बदलला. त्यांचे श्रेय यात कमी होत नाही. अध्यक्षांनी ‘हे सर्वमान्यच आहे’ म्हटल्यावरही तो आक्षेप नोंदीत राहिला, हीच खरी महत्त्वाची गोष्ट. त्यांच्या दुसऱ्या आक्षेपाला मात्र अर्धेच यश आले. ‘भावांसारखे’ जाऊन तिथे ‘बंधुभावाने’ आले. फ्रेंच मजकुराच्या शीर्षकात तर ‘ओम’ म्हणजे ‘मॅन’ हा शब्द आजही आहे. मराठीत ‘बाईमाणूस’ म्हणता येते, त्यामुळे ‘माणूस’ शब्दाला ही अडचण येत नाही. पण ‘पुरुषार्थ’ आणि ‘बंधुता’ हे शब्द आपणही फारसा विचार न करता वापरतोच.

या साधनांच्या मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. सारांश-इतिवृत्त हे शब्दशः भाषण नव्हे. टिपण घेणाऱ्याने केलेला तो गोषवारा असतो. म्हणून त्यातले वाक्य अवतरणचिन्हांत घालून हंसाबेनच्या तोंडी देणे बरोबर नाही. जोडीला इतर कागद हवेत. हंसा मेहता यांची खासगी कागदपत्रे दिल्लीत, पूर्वीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात आहेत. परराष्ट्र खात्याच्या जुन्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा ‘अभिलेख पटल’वर पाहता येतात. विल्यम शाबास यांनी जाहीरनाम्याचे पूर्वतयारीचे कागद २०१३मध्ये तीन जाडजूड खंडांत संकलित केले. योहानेस मॉर्सिंक यांचा १९९९चा ग्रंथ हे कागद कलमवार कसे वाचावेत ते दाखवतो. मात्र संकलन ही वाटाड्याची जागा आहे. शेवटी मूळ क्रमांकापर्यंत जावेच लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या कपाटात जे नाही, त्याचे काय? तिथे बोलतात ती सरकारे. १९४६च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नॅशनल निग्रो काँग्रेसने कृष्णवर्णीयांच्या स्थितीबद्दल संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज दिला. ती बातमी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वाचनात आली. त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागितल्या. भारतातल्या अस्पृश्यांच्या वतीनेही असा मार्ग चोखाळावा, असा विचार त्यामागे होता. डु बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठवले. ही दोन्ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट येथील डु बॉइस संग्रहात आहेत आणि कोणालाही पाहता येतात.

पुढच्याच वर्षी ५ ऑगस्ट १९४७ रोजी आर्थिक व सामाजिक परिषदेने ठराव ७५ (५) संमत केला. मानवी हक्कांच्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा अधिकार आयोगाला नाही, ही आयोगाचीच भूमिका तिने त्यात मान्य केली. जगभरातून आलेल्या अर्जांची गोपनीय यादी तेवढी व्हायची. जाहीरनाम्याचे शब्द घडत होते त्याच महिन्यांत पीडितांच्या अर्जांना दार बंद होते. म्हणून मानवी हक्कांचा इतिहास केवळ ‘ई/सीएन.४’मधून लिहिला तर तो प्रतिनिधींचा इतिहास होतो, अर्जदारांचा नाही. अर्जदार सापडतात ते खासगी पत्रव्यवहारात, संघटनांच्या दप्तरांत आणि वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतले ३८वे कलम कायद्याचे स्रोत सांगते : करार, रूढी, सर्वमान्य तत्त्वे आणि साहाय्यभूत म्हणून न्यायनिर्णय व तज्ज्ञांचे लेखन. १९६९चा व्हिएन्ना करार तर कराराचा अर्थ संदिग्ध असेल तेव्हा पूर्वतयारीचे कागद पाहण्याची मुभा देतो. हे सारे आपल्यापासून दूरचे नाही. भारताने १९९३मध्ये स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबाबतचा करार मान्य केला होता, पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदा नव्हता. १९९७मध्ये विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. आज कार्यालयात तक्रार समिती मागणाऱ्या बाईच्या हाती जो कागद आहे, त्याची पूर्वपीठिका अशाच क्रमांकांच्या कागदांत आहे.

म्हणून यंदा १० डिसेंबरला तो दोन ओळींचा मजकूर आला, तर पुढे पाठवताना त्याखाली एक ओळ जोडावी : ई/सीएन.४/एसआर.३४, जिनिव्हा, डिसेंबर १९४७. ज्याला शंका येईल तो तो कागद उघडून पाहील, आणि हंसाबेनच्या आक्षेपाखालचे रूझवेल्ट यांचे उत्तरही वाचील.