टपालातून शिकवणारा शिक्षक

१८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि आयझॅक पिटमनने टपालाने लघुलिपीचे धडे सुरू केले. विद्यार्थी उतारा लघुलिपीत लिहून धाडत, पिटमन चुका दुरुस्त करून परत पाठवी. शिकवणारा आणि तपासणारा तोच. विद्यार्थी वाढले, तशी तपासणी इतरांकडे गेली.

१८५८ पासून लंडन विद्यापीठाने कुठेही शिकलेल्याला परीक्षेला बसू दिले. शिकवणे कोणाचेही असो, पदवी विद्यापीठाची. परीक्षकही असा शिक्षकापासून वेगळा झाला.

या वाटणीचा सिद्धान्त जर्मन अभ्यासक ओटो पीटर्स यांनी १९६७ मध्ये मांडला: दूरशिक्षण हे अध्यापनाचे औद्योगिक रूप आहे, कारखान्यासारखी श्रमविभागणी त्यात अटळ आहे. १९६९ मध्ये सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने ती प्रत्यक्षात आणली. पाठ्यसाहित्य मुख्यालयातला प्राध्यापकगट रचणार, गृहपाठ तपासून विद्यार्थ्याला सांभाळणार गावोगावचे अर्धवेळ शिक्षक.

भारतात १९६२ मध्ये दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आले; राम ताकवले पहिले कुलगुरू. तिथेही कामे वाटलेलीच. पुस्तकाच्या आतल्या पानावर लेखक आणि संपादकांची नावे छापली जातात. अभ्यासकेंद्रावर सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्र घेणाऱ्या समंत्रकाचे नाव तिथे नसते. तो बहुधा दुसऱ्याच महाविद्यालयात नोकरीला असतो आणि इथे मानधनावर येतो. नोकरी आणि पिठाच्या गिरणीतून सवड काढून आलेला विद्यार्थी मात्र ‘सर’ म्हणतो ते त्यालाच.

म्हणून या शिक्षकाला ‘तुम्ही कुठे शिकवता?’ असे विचारले, तर तो आपल्या महाविद्यालयाचे नाव सांगतो. मुक्त विद्यापीठ त्याच्या ओळखीत जोडकाम म्हणूनच येते. पुस्तक लिहिणाऱ्याची गत उलटी: हजारो जण त्याच्याकडून शिकतात, पण त्यांतला एकही चेहरा त्याला ठाऊक नसतो.

श्रमविभागणीशिवाय लाखोंपर्यंत शिक्षण पोचले नसते, हे खरे. पण तिच्यात सर्वांत स्वस्त ठरला तो विद्यार्थ्याशी प्रत्यक्ष बोलणारा माणूस. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातल्या अशा अर्धवेळ शिक्षकांना कायम स्वरूपाचा करार मिळायला २०२२ साल उजाडावे लागले. आपल्याकडे निदान पुस्तकाच्या त्या पानाशेजारी समंत्रकाच्या नावासाठी एक ओळ मोकळी ठेवावी.